हटून बसलेला बोल्ट

नटाला पाना लावला, जोर केला आणि नट जागचा हलला नाही, हा अनुभव सायकल वापरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतोच. अशा वेळी आपण काय करतो? आणखी जोर करतो. तेवढ्याने भागले नाही, तर पान्याच्या दांड्यावर एखादी लोखंडी नळी चढवतो आणि तिच्यावर सगळा भार टाकतो. मग 'कट्' असा आवाज होतो. सुटला एकदाचा, असे म्हणेपर्यंत ध्यानात येते की बोल्ट सुटलेला नाही, तुटला आहे. त्याचा अर्धा भाग हातात आणि अर्धा भोकात!

असा हटून बसलेला बोल्ट नेमका कशाने धरून ठेवलेला असतो, हे आज आपण एका दूरदेशीच्या वाहनावर पाहू. ते वाहन म्हणजे बर्फावरून धावणारी स्नोमोबाइल. हेच उदाहरण निवडण्याचे कारण असे, की पाणी, मीठ, थंडी आणि दोन वेगवेगळे धातू अशी बोल्टची सगळी शत्रुमंडळी तिथे एकाच जागी जमतात.

स्नोमोबाइल तुम्ही चित्रात पाहिली असेल. आपल्याकडे काश्मीरमध्ये गुलमर्गला हिवाळ्यात पर्यटकांना तिच्यावरून फिरवतात. तिला चाके नसतात. मागच्या बाजूला रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा असतो, तो गाडी पुढे ढकलतो. पुढे दोन स्की असतात. हँडल वळवले की स्की वळतात आणि गाडी वळते. या वाहनाच्या जन्मकथेत एक दुःखाचा प्रसंग आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट नावाचे गाव आहे. तेथील जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या यंत्रज्ञाचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या जानेवारीत आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, मुलाला इस्पितळात पोचवता आले नाही आणि तो दगावला. बर्फावरून चालणाऱ्या गाडीच्या खटपटीत बोंबार्डिए आधीपासूनच होता. 1937 मध्ये त्याला पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचे पेटंट मिळाले आणि अनेक माणसे बसतील अशा त्याच्या बर्फबस धावू लागल्या. एकदोघांनी बसायची, हलकी 'स्की-डू' मात्र 1959 साली आली. 1960 च्या दशकात उत्तर कॅनडा, अलास्का आणि लॅपलंड या भागांतील शिकारी, कोळी आणि रेनडिअर पाळणारे लोक कुत्र्यांच्या व रेनडिअरच्या घसरगाड्या सोडून तिच्याकडे वळले. शहरी माणसाला ती खेळाची वस्तू वाटते. पण जिथे हिवाळ्यात रस्ताच नसतो, तिथे सरपण, मासळी आणि आजारी माणूस याच गाडीवरून जातो. अशा ठिकाणी एक बोल्ट तुटणे म्हणजे गाडी गोठ्यात बांधून ठेवण्यासारखेच.

आता स्कीकडे वळू. हँडलापासून निघालेला दांडा खाली येऊन एका उभ्या खांबासारख्या भागाला फिरवतो. त्याला स्पिंडल म्हणतात. स्पिंडलचे खालचे टोक स्कीवरच्या दोन कानांच्या मध्ये बसते आणि या तिघांतून एक आडवा बोल्ट आरपार जातो. उंचवटा आला की स्कीचे नाक वर उचलले जावे आणि खळगा आला की खाली यावे, यासाठी ही बिजागरीसारखी रचना आहे. स्कीच्या तळाशी कठीण धातूची एक पट्टी असते. ती बर्फात रुतते म्हणून गाडी वळते. पट्टी नुसती झिजली तर ती बदलतात. पण स्की तडकली, वाकली किंवा मऊ बर्फासाठी रुंद स्की हवी झाली, की सबंध स्कीच बदलावी लागते. काम दिसायला अगदी सोपे आहे. नट काढायचा, बोल्ट ओढायचा, स्की बदलायची, बोल्ट परत घालायचा. सगळे सुरळीत असेल तर पाव तासाचेही नाही. सुरळीत नसेल तर त्यात अख्खा रविवार जातो.

इथे एक शंका तुमच्या मनात यायला हवी. बोल्ट घट्ट आवळला तर बिजागरी फिरणार कशी? आणि ढिला ठेवला तर तो पडणार नाही का? यावर तोडगा म्हणून बऱ्याच बनावटींत स्पिंडलच्या भोकात पोलादाची एक जाड नळी घालतात. कारागीर तिला 'बुश' म्हणतात. बुशची लांबी स्पिंडलच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त असते. त्यामुळे बोल्ट आवळला की स्कीचे दोन कान बुशला चिमटीत धरतात, स्पिंडलला धरत नाहीत. बोल्ट, बुश आणि स्की हे तिघे मिळून एक होतात आणि स्पिंडल बुशभोवती मोकळेपणाने डुलत राहते. युक्ती नामी आहे. पण तिच्यामुळेच बोल्ट आणि बुश यांच्यामध्ये एक अरुंद, लांबट फट तयार होते. ती बाहेरून दिसत नाही. तिथे ना हात पोचतो ना ब्रश. गंजाला याहून चांगले घर कोणते?

गंज चढायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन ही तिन्ही लागतात, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. मग उणे 30 अंशांत, जिथे पाण्याचा दगड होतो, तिथे गंज चढतो कसा? खरे म्हणजे कडक थंडीत तो फार सावकाश चढतो. गंजण्यासाठी द्रवरूप पाण्याचा पातळ थर हवा. तो मिळतो बर्फ वितळू लागल्यावर, म्हणजे हिवाळा संपताना. फटीत शिरलेला बर्फ वितळतो, गाडी झाकून कोपऱ्यात उभी राहते आणि मग सबंध उन्हाळा गंजाचे काम निवांत चालते. ज्या ऋतूत गाडी वापरात नाही, त्याच ऋतूत तिचा बोल्ट धरला जातो. दुसरा साथीदार म्हणजे मीठ. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. स्नोमोबाइल मोटारीमागच्या ट्रेलरवर चढवून अशा रस्त्यांवरून नेली, की मिठाच्या पाण्याचे शिंतोडे थेट स्कीच्या बोल्टावर बसतात. साध्या मिठाचे दाट द्रावण उणे 21 अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. शिवाय ते विजेचे चांगले वाहक असते. याचा संबंध काय? तर गंजणे ही मुळात एक विद्युत्-रासायनिक क्रिया आहे.

फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर असतो, आत मात्र कमी. एकाच लोखंडाचे हे दोन भाग मग एखाद्या विद्युत्-घटाच्या दोन अग्रांसारखे वागू लागतात. ऑक्सिजन कमी असलेल्या आतल्या भागातले लोखंड विरघळते. विरघळलेले लोखंड तोंडाकडे येऊन ऑक्सिजनला भेटले की तिथे त्याचा गंज बनतो. परिणामी फटीचे तोंड गंजाच्या बुचाने बंद होते आणि आत झीज चालूच राहते. बोल्टाचे डोके बाहेरून स्वच्छ दिसते म्हणून आतही तो स्वच्छ असेल, असे समजू नका.

आता मुख्य मुद्दा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. गंजात किती पाणी मुरले आहे त्याप्रमाणे ही वाढ दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते. मुंबईतल्या जुन्या इमारतींत स्लॅबच्या सळया गंजून खालचे काँक्रीट फुगते आणि त्याचे पोपडे पडतात, ते याच कारणाने. गंजाचा जोर काँक्रीट फोडण्याइतका असेल, तर एक दशांश मिलिमीटर फटीची काय कथा! फट भरते, पुढे गंज दोन्ही बाजूंना रेटू लागतो आणि बोल्ट बुशमध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. काही गाड्यांत बोल्टाभोवतीचा भाग ॲल्युमिनियमचा असतो. तिथे आणखी एक भानगड होते. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मिठाचे पाणी एकत्र आले की सरळसरळ विद्युत्-घटच तयार होतो. ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फटीत घट्ट दाटते. रंग वेगळा, परिणाम तोच.

तेव्हा या बोल्टाला कुलपे दोन आहेत. एक आट्यांवर, नटाच्या ठिकाणी. दुसरे बोल्टाच्या गुळगुळीत दांड्यावर, बुशच्या आत. दोन्ही सोडवण्याच्या तऱ्हा निराळ्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की काम बिघडते.

पहिल्यांदा नट. नट आवळताना आपण जेवढा पीळ देतो, त्यातला साधारण निम्मा नटाच्या तळाशी होणाऱ्या घर्षणात खर्च होतो, सुमारे चार दशांश आट्यांमधल्या घर्षणात जातो आणि बोल्ट ताणायला जेमतेम एक दशांश उरतो. गंजाने घर्षण वाढले, की नट सोडवायला लागणारा पीळ बोल्टाच्या ताकदीच्या पलीकडे जाऊ शकतो. हिशेब करून पाहा. 30 सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर 200 न्यूटन, म्हणजे सुमारे 20 किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर पीळ होतो 60 न्यूटन-मीटर. नळी चढवून पाना 60 सेंटिमीटरचा केला, तर तेवढ्याच जोराने 120 न्यूटन-मीटर. आता 10 मिलिमीटर जाडीचा चांगल्या पोलादाचा बोल्ट 70-80 न्यूटन-मीटरच्या आसपास पिळून तुटतो. म्हणजे ती नळी चढवली तेव्हाच निकाल लागला होता! शिवाय ही ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. बोल्ट 8 मिलिमीटरचा असेल तर जाडी कमी झाली एक पंचमांश, पण ताकद राहिली निम्मीच. गंजाने दांडा बारीक झाला असेल, तर तेही याच हिशेबात धरा.

म्हणून जाणते कारागीर नट सोडवण्याआधी तो किंचित आवळून पाहतात. हे ऐकायला उलटे वाटते, पण आपल्याला हवी असते ती पहिली हालचाल, मग ती कोणत्याही दिशेने असो. गंज ठिसूळ असतो. एकदा त्याचा थर चिरला, की थोडे पुढे थोडे मागे करत तो दळून काढता येतो. त्याआधी आट्यांची बाहेर दिसणारी टोके तारेच्या ब्रशाने साफ करायची. घाणेरड्या आट्यांवरून नट ओढून आणला, तर वाटेत तो पुन्हा अडकणारच.

गंज सोडवायला तेल घालतात, हेही तुम्हाला ठाऊक असेल. आपल्याकडे रॉकेल वापरतात, बाजारात खास पातळ तेलेही मिळतात. जाड ग्रीस इथे कामाचे नाही. तेल फटीत शिरते ते केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच नियमाने. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. एक विसांश मिलिमीटर फटीत असे पातळ तेल गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध सुद्धा दहा-बारा सेंटिमीटर चढू शकेल. मग अडचण कोणती? अडचण वेळेची. लुकास या संशोधकाने 1918 मध्ये आणि वॉशबर्न याने 1921 मध्ये दाखवले, की अशा फटीत द्रव जितका खोल जातो तितकी त्याची गती मंदावते. दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो. समजा, पहिला एक सेंटिमीटर जायला तेलाला एक तास लागला. मग चार सेंटिमीटर जायला किती लागेल? चार तास नव्हे, सोळा तास! बुश आठ सेंटिमीटर लांब असेल आणि तेल दोन्ही टोकांनी घातले असेल, तरी ते मध्यावर भेटायला रात्र उलटावी लागेल. त्यात फट गंजाने चोंदलेली आणि थंडीने तेल दाट झालेले. तेल घालून पाच मिनिटांत पाना उचलणारा माणूस तेल फुकट घालवतो, असेच मी म्हणेन. आज संध्याकाळी तेल, उद्या सकाळी पुन्हा तेल आणि मग कामाला हात, हा क्रम बरा. गाडी उघड्यावर न ठेवता उबदार पडवीत आणली तर आणखी चांगले.

नट निघाला की आता दुसरे कुलूप. इथे एक फसवी गोष्ट घडते. बोल्टाच्या डोक्याला पाना लावला तर तो चक्क फिरतो! माणूस खूश होतो आणि फिरवत बसतो, पण बोल्ट बाहेर काही येत नाही. कारण उघड आहे. बोल्ट बुशला गंजाने चिकटलेला आहे आणि दोघे मिळून स्पिंडलच्या भोकात फिरत आहेत. गंज जसाच्या तसा आहे. या भागात आटेच नाहीत, तेव्हा फिरवून काय मिळणार? इथे बोल्ट ढकलायला हवा, तोही त्याच्या लांबीच्या दिशेने.

ढकलायचे साधन हातोडा. एक किलोग्रॅमचा हातोडा सेकंदाला 5 मीटर वेगाने आला आणि एक सहस्रांश सेकंदात थांबला, तर संवेगातल्या बदलाला वेळेने भागून बल येते 5,000 न्यूटन, म्हणजे जवळजवळ अर्ध्या टनाचे ओझे. हाताने रेटून असे बल येणे शक्य नाही. शिवाय धक्क्याने ठिसूळ गंज तडकतो, लवचीक पोलाद मात्र टिकते. पण हा ठोका गंजापर्यंत पोचला पाहिजे. स्पिंडलच्या पलीकडच्या बाजूला एखादा जड लोखंडी ठोकळा टेकवून धरला नाही, तर सगळी शक्ती गाडीचा पुढचा भाग हादरवण्यात जाते आणि वरचे सांधे ढिले होतात. दुसरी काळजी आट्यांची. उघड्या टोकावर ठोकले तर ते चेपून छत्रीसारखे पसरते आणि मग बोल्ट भोकातून जाणेच अशक्य होते. म्हणून नट परत टोकापर्यंत चढवायचा, त्यावर पितळेचा तुकडा धरायचा आणि मग ठोकायचे. आपला सायकलवाला पायडलच्या दांड्याची कॉटर पिन काढताना नट पुरता न काढताच ठोकतो, ते तुम्ही पाहिले असेल. त्याचे कारणही हेच. ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पोलादाची कपची किती वेगाने उडते, ते डोळ्याने पाहण्याची गोष्ट नाही.

इतके करूनही बोल्ट हलला नाही तर? तर उष्णता. प्रयोगशाळेतला गोळा आणि कडे आठवा. थंड कड्यातून न जाणारा गोळा कडे तापवल्यावर जातो. भोक तापले की लहान होते, असे पुष्कळांना वाटते. पण भोक ज्या चकतीने भरून निघेल ती चकतीही तापून मोठी झाली असती. तेव्हा तिच्याबरोबर भोकही मोठे व्हायला हवे. पोलादाचे 10 मिलिमीटरचे भोक 200 अंशांनी तापवले, तर ते सुमारे 0.024 मिलिमीटरने वाढते. म्हणजे केसाच्या जाडीचा एक तृतीयांश. ॲल्युमिनियमचे याच्या जवळजवळ दुप्पट. एवढीशी वाढही गंजाचा थर फोडायला पुरते. अट एकच, बाहेरचा भाग झटपट तापला पाहिजे आणि बोल्ट थंड राहिला पाहिजे. सावकाश तापवले तर दोघेही तापतात, दोघेही वाढतात आणि फट होती तेवढीच राहते.

मात्र स्नोमोबाइलवर हा उपाय फार जपून करावा लागतो. आजच्या बहुतेक स्की पॉलिएथिलीन प्लॅस्टिकच्या असतात आणि ते 130 अंशांच्या सुमारास वितळू लागते. स्कीवर रबराचा ठोकळा असतो. बुशभोवती कधी कधी प्लॅस्टिकची अस्तरे असतात. वर पेट्रोलची टाकी, आणि बोल्टावर तर आपणच रात्रभर ज्वालाग्राही तेल ओतलेले! त्यामुळे जुन्या पोलादी स्कीसाठी ठीक असलेली ज्योत इथे बहुधा दूरच ठेवावी लागते.

मग उरते करवत. स्कीचा कान आणि स्पिंडल यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत लोखंड कापायचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा. स्की सुटते. उरलेला तुकडा बुशसकट दाबयंत्राने ढकलून काढतात. बोल्ट आणि बुश स्वस्त, स्पिंडल महाग. कोणाचा बळी द्यायचा हे त्यावरून ठरते.

नवा बोल्ट घालताना दांड्याला ग्रीस किंवा तांब्याची भुकटी मिसळलेला लेप लावतात, म्हणजे फटीत पाण्याला जागाच उरत नाही. फक्त एक लक्षात ठेवावे लागते. लेप आट्यांना लागला असेल तर तिथले घर्षण कमी होते आणि नेहमीचाच पीळ दिला तरी बोल्ट जास्त ताणला जातो. तेव्हा पीळ थोडा कमी द्यायचा. नटात नायलॉनचे कडे असेल तर ते एकदा वापरून सैल झालेले असते, म्हणून नटही नवा.

यातला काही भाग तुम्हाला शाळेत करून पाहता येईल. मुलामा नसलेले, 6 मिलिमीटर जाडीचे तीन सारखे लोखंडी नट-बोल्ट घ्या. पहिला कोरडा ठेवा. दुसऱ्याच्या आट्यांना ग्रीस लावा. तिसऱ्यात नटाखाली भोक पाडलेली ॲल्युमिनियमची पट्टी घाला. तिन्ही नट सारखेच आवळा. रोज दोनदा मिठाचे पाणी शिंपडा आणि मध्ये वाळू द्या. महिन्याने बोल्ट व्हाइसमध्ये पकडून नटाला पाना लावा, पान्याच्या टोकाला ताणकाटा अडकवा आणि काटकोनात सावकाश ओढा. नट सुटतो त्या क्षणी काटा किती दाखवतो ते वहीत लिहा आणि पान्याच्या लांबीने गुणून पीळ काढा. मग उरलेल्या पाण्यात आणखी तीन बोल्ट अशाच रीतीने तयार करून, सोडवण्याआधी एकाला एक तास, दुसऱ्याला एक दिवस आणि तिसऱ्याला तीन दिवस रॉकेल लावून ठेवा. आकडे शेजारी शेजारी मांडून आलेख काढा.